शेवंतीचा डावा पाय

नोकरीची सगळी वर्षं मी धुळ्यातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात काढली. हुद्दा फिजिओथेरपिस्ट. ऐंशीच्या सुमारास हा शब्द आमच्याकडे फार थोड्यांना धड उच्चारता यायचा. पेशंट मला 'शॉकवाली बाई' म्हणत, वॉर्डबॉय माझी खोली 'शेकायचं खातं' म्हणून दाखवत, आणि सासूबाई शेजारणींना सांगत, "सून मालिश करते, पण डिग्रीवाली."

खरं काम साधं असतं. डॉक्टर हाड जोडतात, जखम शिवतात, गोळ्या देतात. त्यानंतर तो हात पुन्हा भाकरी थापू लागेपर्यंत, तो पाय पुन्हा जिना चढू लागेपर्यंत जे काही करायचं, ते आमच्याकडे. शेक, मालिश, व्यायाम, विजेचा हलका प्रवाह आणि भरपूर बडबड. यातली बडबड सगळ्यात महत्त्वाची, कारण तीन महिने रोज तोच व्यायाम करायला माणूस कंटाळतो.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, "सगळ्यात लक्षात राहिलेला पेशंट कोण?" मी सांगते, "शेवंती." मग ते विचारतात, काय झालं होतं त्यांना? आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

सुरुवात एका तांबटापासून झाली. सोनगीरचे रघुनाथनाना, वय पन्नाशीच्या पुढे. पिढीजात धंदा तांब्यापितळेच्या भांड्यांचा. एका दुपारी काम करून दमले आणि खाटेच्या लाकडी काठावर दंड टाकून झोपले. उठले तर उजवा पंजा मनगटातून लोंबकळत होता. वर उचलेना. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक नस खाली जाते, ती तासभर दाबली गेली की असं होतं. हातोडी धरणाऱ्या माणसाला हे झालं म्हणजे सगळंच थांबलं. मी मनगटाला आधाराची पट्टी बांधली, विजेचा प्रवाह देऊन झोपलेले स्नायू हलवले, व्यायाम दिले. नाना दर सोमवारी आणि गुरुवारी एसटीने यायचे. अडीच महिन्यांनी त्यांनी माझ्या टेबलावरचा पाण्याचा तांब्या उजव्या हाताने उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हाऊ काय आमना गावना नही." मी ओळखलं, नाना बरे झाले.

त्याच दिवशी निघताना ते दारात थांबले.

"ताई, मना हात बरा व्हई गया. पन आमना गावमा एक घोडी शे. तिना पाय बी असाच लोंबकळस. तुमी एक डाव दखा ना."

मी हसले. "नाना, मी माणसांची आहे."

"मना हात दखीसन तुमी सांगं, नस दबाई गयी. घोडीले काय नस ऱ्हास नही?"

रविवारी मी सोनगीरला गेले.

घोडी यशवंतआबांची. आबा कोरडवाहू शेतकरी, आणि लग्नसराईत नवरदेवाला बसायला घोडी न्यायचे. शेवंती पांढरी, कपाळावर थोडी राखाडी झाक. सनई-ताशा वाजला की पुढचे पाय उचलून नाचायची, म्हणून शिरपूरपर्यंत मागणी. महिन्यापूर्वी मुंबई-आग्रा रस्त्याच्या कडेने परत येताना एका ट्रकच्या बाहेर आलेल्या कापसाच्या गठ्ठ्याने तिच्या डाव्या खांद्याला धडक दिली. हाड मोडलं नव्हतं. पण पाय पुढे टाकताच येत नव्हता. कोपर खाली आलेलं, गुडघा वाकलेला, खुराचं टोक जमिनीवर घासत होतं. घासून घासून खुराच्या वरच्या सांध्याची कातडी सोलून निघाली होती आणि त्यावर माशा बसल्या होत्या.

तिथे जनावरांच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर सोनवणे आधीच उभे होते. नानांनी त्यांनाही बोलावून ठेवलं होतं. तरुण, उंच, आणि माझ्याकडे बघून जरा अवघडलेले. मी सरळ सांगितलं, "डॉक्टर, मला घोड्यातलं काही कळत नाही. तुम्ही नाही म्हणालात तर मी चहा पिऊन जाते."

ते बसले आणि घोडीच्या पायावर बोट ठेवत मला समजावू लागले. "मॅडम, हा आपण ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो ना, तो खरं म्हणजे तुमचं मनगट. घोडा पुढच्या दोन पायांनी चालतो म्हणजे एकेका बोटाच्या नखावर चालतो."

मी नानांच्या मनगटाकडे पाहिलं, मग शेवंतीच्या पायाकडे. तीच नस. तोच दंडाचा वळसा. नानांचा पंजा पडला होता तसाच हिचा पाय पडला होता.

"आशा किती?" मी विचारलं.

"नस नुसती दबली असेल तर आहे. तुटली असेल तर नाही. ते कळायला माझ्याकडे काही नाही. आणि त्या खालच्या जखमेतून सांध्यात पू गेला, तर मला तिला सुई देऊन कायमचं झोपवावं लागेल."

आबा खांबाला टेकून उभे होते. "गावमा बठ्ठा लोक म्हनतस, हाई आते चालाव नही. एक व्यापारी दोन डाव ईसन गया."

तो व्यापारी तिला कापायला नेणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोठ्याच्या दारात बसलेल्या आबांच्या बायकोने, इंदूअक्कांनी, मान वरही न करता सांगितलं, "मी तिले कोठेच जाऊ देवाव नही."

नस जिवंत आहे की नाही, हे कळायला माझ्याकडे यंत्र होतं. पण ते हॉस्पिटलचं. सोमवारी मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे माणसांचं हॉस्पिटल आहे." मी उभीच राहिले. मग ते म्हणाले, "तुमच्या कपाटात ते जुनं सेलवर चालणारं यंत्र आहे ना, झाकण तुटलेलं? ते मोडीत काढायचं आहे. मोडीतली वस्तू कुठे जाते, ते मी बघत नाही." त्यानंतर चष्मा लावून त्यांनी फाइल उघडली.

पुढच्या रविवारी आम्ही तपासणी केली. खांद्याखालचे केस आबांनी न्हाव्याकडून वस्तरा आणून काढले. मिठाच्या पाण्यात भिजवलेले फडक्याचे दोन तुकडे मी तिथे ठेवले. सोनवणेंनी मुसकी धरली, इंदूअक्कांनी लुगड्याच्या पदराने घोडीचे डोळे झाकले आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत राहिल्या. मी माणसांना सांगते, "मुंग्या आल्यासारखं वाटेल, घाबरू नका." हिला काय सांगणार? मी तेच वाक्य मोठ्याने म्हणाले आणि बटण फिरवलं.

काही नाही. आणखी थोडं फिरवलं. शेवंतीने कान मागे टाकले, मागचा पाय आपटला. सोनवणे म्हणाले, "बस करा मॅडम." मी फडकं दोन बोटं खाली सरकवलं आणि पुन्हा बटण फिरवलं.

खांद्याखाली कातडीच्या आत एक बारीक उडी झाली. पाण्यात मासोळी वळावी तेवढीच. पुन्हा फिरवलं, पुन्हा उडी.

"दखं का?" नाना ओरडले. "दखं का आबा? मना हातले बी पहिलांदा असंच व्हयनं होतं!"

नस पूर्ण तुटली नव्हती. काही धागे शिल्लक होते. मी सोनवणेंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्या क्षणी आम्ही दोघं एका कामावरचे झालो.

आता खरा प्रश्न होता वेळेचा. नस वाढते ती महिन्याला जेमतेम बोटाच्या पेरभर. तोपर्यंत स्नायू वाळता कामा नयेत, सांधे आखडता कामा नयेत आणि खूर घासता कामा नये. नानांच्या मनगटाला मी लाकडी पट्टी बांधली होती. घोडीला काय बांधणार? बांबू लावून पाहिला, तिने दुसऱ्या दिवशी फोडला. लोखंडी पट्टी जड झाली.

नाना दोन दिवस घरी ठोकत बसले. तिसऱ्या दिवशी ते एक पितळी पन्हळ घेऊन आले. पायाच्या मागच्या बाजूला बरोबर बसेल अशी ठोकून काढलेली, काठ बाहेर वळवलेले, आतून खोगिराखालच्या नमद्याचं अस्तर. चांभाराकडून तीन चामडी पट्टे लावून घेतलेले. बऱ्या झालेल्या हाताने त्यांनी केलेलं ते पहिलं काम. हंडे-घागरी करणाऱ्या त्या माणसाने घोडीच्या पायाचं माप नुसतं वितीने घेतलं होतं, आणि पन्हळ अशी बसली की सोनवणे तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले.

मी इंदूअक्कांना शिकवलं. सकाळी मिठाच्या पुरचुंडीने शेक, मग खांद्यापासून खाली आणि खालून वर मालिश, मग पाय उचलून गुडघा सरळ करायचा, वाकवायचा, वीस वेळा. दर चार तासांनी पन्हळ सोडून कातडी बघायची. अक्कांना वीसच्या पुढे आकडे येत नव्हते आणि घड्याळही नव्हतं. पण एकही पाळी त्यांनी चुकवली नाही. मी आठवड्यातून दोनदा एसटीने यंत्राची पेटी मांडीवर घेऊन जायची. कंडक्टरने एकदा विचारलं, "ताई, शिलाई मशीन का?" मी म्हटलं, "हो, नस शिवायचं."

पाचव्या आठवड्यात घात झाला. पट्ट्याखाली जखम झाली, पाय सुजला, घोडीने खाणं सोडलं. ताप. मी गेले तेव्हा आबा अंगणात बसले होते आणि तो व्यापारी त्यांच्या शेजारी. आबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तुमी लई करं. आते ऱ्हाऊ द्या."

मला त्यांचा राग आला नाही. चूक माझी होती. घोड्याची कातडी माणसासारखी नसते. पट्टा दोन बोटं सैल ठेवायला सांगायला हवं होतं. मी तसं त्यांच्यासमोर, व्यापाऱ्यासमोर, मोठ्याने कबूल केलं. इंदूअक्का आतून आल्या. त्या व्यापाऱ्याला म्हणाल्या, "तू उठ आते." एवढंच. तो उठला.

सोनवणेंनी चार दिवस सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनं दिली. आपल्या दवाखान्यातून मोटारसायकलवरून येऊन जखम धुतली. नानांनी पन्हळीचा तो भाग कापून तिथे नवा, रुंद वळसा दिला. सूज उतरली. मी आबांना म्हटलं, "मला अजून तीन आठवडे द्या. मग तुम्ही म्हणाल ते." आबांनी अक्कांकडे पाहिलं आणि मान हलवली.

ते तीन आठवडे मी हॉस्पिटलात पेशंटांचे हात हलवताना मनात घोडीची पावलं मोजत होते. गावाबाहेर पाझर तलाव होता. सोनवणेंना कल्पना सुचली. पोटापर्यंत पाण्यात घोडीला चालवायचं. पाणी वजन उचलतं, आणि पाय पुढे टाकायला तिला जोर कमी लागतो. आबांनी धोतर वर खोचलं आणि रोज तिला पाण्यात फिरवू लागले. काठावर गावातली अर्धी मंडळी बसायची. कोणी हसायचं, कोणी सल्ले द्यायचं. एक म्हातारा रोज म्हणायचा, "घोडीले पोहाले शिकाडी ऱ्हायना आबा."

मग काठावर जमिनीवर बांबू आडवे टाकले, आधी एक, मग तीन. पन्हळ काढून तिला त्यावरून न्यायचं. पहिल्या दिवशी तिने प्रत्येक बांबूला खूर आपटला. दुसऱ्या दिवशीही. मी दर वेळी तिच्या खांद्याकडे पाहत होते. तो स्नायू, जो दोन महिन्यांपूर्वी खोबणीसारखा आत गेला होता, आता हाताला भरीव लागत होता. पण हाताला लागणं वेगळं आणि पाय उचलणं वेगळं.

तिसऱ्या आठवड्याचा शुक्रवार. मी सुट्टी टाकून गेले होते. आबांनी लगाम धरून तिला पहिल्या बांबूकडे आणलं. शेवंती थांबली. मान खाली घालून तिने बांबू हुंगला. मग डावा पाय उचलला, गुडघ्यातून पुढे फेकला, आणि खूर बांबूच्या पलीकडे सपाट जमिनीवर ठेवला.

आबांना कळलंच नव्हतं, ते पुढे बघत चालले होते. इंदूअक्का किंचाळल्या, "टेकी गया वं माय! पाय टेकी गया!" आबांनी मागे वळून पाहिलं आणि लगाम सोडून शेवंतीच्या गळ्यात हात टाकून उभे राहिले. तो रोज टोमणा मारणारा म्हातारा काठावरून उठून आला आणि बांबू स्वतः थोडा लांब सरकवला, घोडीची चाचणी घ्यायला. शेवंतीने तोही ओलांडला.

त्यानंतर मी पाच महिने तिला कामाला जाऊ दिलं नाही. आधी मोकळी चाल, मग चढउतार, मग पाठीवर वाळूची गोणी. पहिल्या लग्नाला, सोनगीरमध्येच, मी अट घातली. फक्त चालायचं, नाचायचं नाही. आबांनी शपथ घेतली. नवरदेव हडकुळा निवडला होता, हे नानांनी मला नंतर सांगितलं.

वरात चावडीपाशी आली आणि ताशेवाल्याने हात मोकळा सोडला. आबांनी लगाम घट्ट धरला होता, मी बघत होते. पण शपथ आबांनी घेतली होती, घोडीने नाही. तिने कान उभे केले, मान वळवली आणि डावा पाय छातीपर्यंत उचलून ताशाच्या तालावर आपटला. मग उजवा, मग पुन्हा डावा. मी "थांबवा, थांबवा" म्हणून ओरडत होते आणि ते कोणालाही ऐकू येत नव्हतं. सोनवणे माझ्या शेजारी होते. ते कानाशी वाकून म्हणाले, "मॅडम, बघा ना, डावाच जास्त उचलतेय." मग मीही ओरडणं सोडलं. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नवरदेव दोन्ही हातांनी खोगीर धरून बसला होता.

शेवंती त्यानंतर नऊ वर्षं लग्नांना गेली. आणि माझ्या दारात जनावरं येऊ लागली. हॉस्पिटलच्या नाही, घराच्या. जुवाने खांद्याचा स्नायू वाळलेले बैल, व्याल्यानंतर बसून राहिलेल्या म्हशी, एकदा भुसावळहून मागचे पाय गेलेला कुत्रा, रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डने तो मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमधून आणला होता. सोनवणे तपासायचे, निदान करायचे, मी उरलेलं करायची. त्यांच्या परवानगीशिवाय मी एकाही जनावराला हात लावला नाही. जितकी जनावरं उठली, जवळजवळ तितकीच उठली नाहीत.

त्यातला एक मला सतावतो. साक्रीकडचा एक बैल, उंचावरून पडून कमरेतून लुळा झालेला. यंत्राला त्याच्या मागच्या पायांनी काहीच उत्तर दिलं नव्हतं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण मालक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, त्या नजरेला मी "नाही" म्हणू शकले नाही. सहा आठवडे त्याला झोळीत टांगून ठेवलं. शेवटी सोनवणे माझ्यावर पहिल्यांदा चिडले, "मॅडम, हा आता तुमच्यासाठी जगतोय." त्यांचं बरोबर होतं. आशा दाखवणं हा आमच्या कामाचा भाग आहे, पण खोटी दाखवली तर तिचं ओझं जनावराला सोसावं लागतं. त्यानंतर मी "नाही" म्हणायला शिकले. तो शब्द मला मालिशपेक्षा अवघड गेला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी वरणगावला भाचीकडे गेले होते. तिच्या शेजारी केळीवाल्यांचं घर, त्यांची म्हैस व्यायल्यापासून बसलेली. मालक, साठीचा गृहस्थ, तिच्या मागच्या पायाला व्यायाम देत होता. मी सवयीने कुंपणाजवळ गेले आणि म्हणाले, "भाऊ, मी धरू का दुसरा पाय?"

"धरा, ताई."

मी पाय हातात घेतला आणि हळूहळू वाकवू लागले. त्यांनी मान हलवली.

"तसं नई, ताई. तुमी उलटं करून राह्यल्या. अगोदर सरय करा, मंग वाकवा. अन् वीस झाले का थांबा, मंग कूस बदला. इकडं सगये असंच करतात."

"कोणी शिकवलं हो तुम्हाला?"

"कोनी काय? ह्ये सोनगीरची पद्धत हाये. फार जुनी हाये."

मी "बरं भाऊ" म्हटलं, आणि त्यांनी सांगितलं तसं, आधी पाय सरळ केला.